सहीची साक्ष

हंसा वाडकर हे नाव ऐकले की सावंतवाडीच्या माणसाला आपले गाव आठवणे स्वाभाविक आहे. आजूबाजूच्या मुलखात या गावाला आजही नुसते 'वाडी' म्हणतात. 'वाडीक जातंय' असे मालवणीत कोणी म्हटले की ती वाडी म्हणजे सावंतवाडीच. मराठी रजतपटावरील या थोर अभिनेत्रीचे जन्मनाव मात्र रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा, मुंबईतला. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडचे. १९३६ च्या 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून त्या अगदी कोवळ्या वयात पडद्यावर आल्या, आणि घराण्याचे नाव सिनेमाच्या पाटीवर नको म्हणून त्यांना नवे नाव देण्यात आले. पुढे 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी' आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चाललेला 'सांगत्ये ऐका' या चित्रपटांनी ते नाव महाराष्ट्रभर केले.

त्यांच्या छायाचित्रावर त्यांनी केलेली सही एखाद्या घरातील जुन्या पेटीत निघाली, तर त्या सहीतले नाव आईवडिलांनी ठेवलेले नसेल. ते धंद्याने दिलेले नाव असेल. व्यापारी घरांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. माणसाचे नाव एक आणि पेढीचे नाव दुसरे, ही रीत बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. युसूफ खान यांची पेढी 'दिलीपकुमार' या नावाने चालली, महजबीन यांची 'मीनाकुमारी' या नावाने. कोल्हापूरच्या शांताराम राजाराम वणकुद्रे यांनी आडनाव गाळून नुसते 'व्ही. शांताराम' ठेवले, त्यांचे वडील जैन होते, ही गोष्ट जैन वाचकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. 'लोकशाहीर रामजोशी' हा १९४७ चा चित्रपट त्यांच्याच राजकमल संस्थेचा.

चित्रपट आणि दूरदर्शनवरील जुन्या कलावंतांची स्वाक्षरी असलेली छायाचित्रे जमविण्याचा छंद आता जगभर रुजला आहे. त्यांची खरेदी-विक्री होते, लिलाव होतात, आणि अर्थातच फसवणूकही होते. कोकणातल्या घरांपुढे मात्र प्रश्न खरेदीचा क्वचितच असतो. आजोबांनी किंवा आत्यांनी तरुणपणी पत्र पाठवून मिळवलेला फोटो, गावात नाटक आले असता विंगेत जाऊन घेतलेली सही, मुंबईच्या मामांनी स्टुडिओतून आणून दिलेले कार्ड, अशी एखाद-दुसरी वस्तू घरात असते. कौलारू घर पाडून इमारत उभी राहते, वाटण्या होतात, आणि ती पेटी माळ्यावरून खाली येते. तेव्हा ती रद्दीत जाईल की जपली जाईल, हे एकाच गोष्टीवर ठरते. त्या सहीची हकीकत सांगणारे कोणी घरात उरले आहे का?

हकीकतीचे एवढे महत्त्व का, हे हुंडीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. जुन्या व्यवहारात शाहजोग हुंडी कोणालाही चुकती केली जात नसे. ती बाजारात पत असलेल्या 'शाहा'च्या हातूनच यावी लागे, आणि हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. कागदावरची सही एकटी पुरेशी नव्हती; ती कोणाच्या हातून आली यालाही तितकेच मोल होते. सह्यांच्या संग्रहाला नेमका हाच नियम लागू पडतो. दोन फोटोंवर एकसारखीच सही असेल, पण एकाच्या मागे 'कोणी, कधी, कोठे घेतली' याची नोंद असेल आणि दुसरा कोरा असेल, तर जाणकार पहिल्यालाच हात घालतो.

सह्या खोट्या असण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि सगळ्याच खोट्या सह्या लबाडीने केलेल्या नसतात. हॉलीवूडच्या स्टुडिओंत चाहत्यांच्या पत्रांचे ढीग येत. उत्तरे देण्यासाठी स्वतंत्र विभाग असत. जीन हार्लो ही १९३० च्या दशकातली अतिशय लोकप्रिय नटी. तिच्या नावाने चाहत्यांना गेलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेकांवर सह्या तिच्या आईने केलेल्या आहेत. मुलगी सव्विसाव्या वर्षी, १९३७ मध्ये वारली. आईच्या हातच्या सह्या आजही मुलीच्या म्हणून विकावयास येतात. उलट ग्रेटा गार्बो सही देण्यास जवळजवळ नकारच देई, म्हणून तिची खरी सही दुर्मीळ. आपल्याकडेही सचिवाने केलेली सही, रबरी शिक्का, किंवा फोटोबरोबरच छापून आलेली सही या तिन्ही गोष्टी सर्रास होत्या. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी नट-नट्यांची रंगीत पोस्टकार्डे अनेकांनी स्वाक्षरी म्हणूनच जपून ठेवली आहेत. त्यांत फसवणूक कोणाची नव्हती. छापलेली सही छापलेलीच म्हणून विकली गेली होती, एवढेच की पन्नास वर्षांनी ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

सही छापील की हाताची, हे घरच्या घरी पाहता येते. सराफी भिंग घ्यावे. छापील चित्र भिंगाखाली बारीक ठिपक्यांचे दिसते. खऱ्या ब्रोमाइड छायाचित्रात असे ठिपके नसतात, छटा अखंड असते. सहीची रेषाही ठिपक्यांची बनलेली असेल तर तेथेच निकाल लागला. रेषा अखंड असेल तर फोटो उजेडात तिरपा धरावा. हाताने केलेल्या सहीची शाई कागदाच्या चकाकीवर वेगळी बसलेली दिसते, आणि बॉलपेन असेल तर दाबाची चरी जाणवते. रेषा कोठे जाड, कोठे बारीक, कोठे घाईने ओढलेली अशी असावी. शिक्क्याची रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची असते.

यंत्राने केलेली सही ओळखणे थोडे अवघड. ऑटोपेन नावाचे यंत्र खऱ्या लेखणीने, खऱ्या शाईनेच सही करते. अमेरिकेत राजकारणी मंडळींनीही ते वापरले. त्याची खूण उलटी आहे. जिवंत माणसाच्या दोन सह्या कधीही तंतोतंत एक नसतात. दोन फोटोंवरच्या सह्या एकमेकींवर ठेवल्यावर केसभरही ढळत नसतील, तर त्या हाताच्या नव्हेत.

काही वेळा फक्त तारखा जुळवून पाहिल्या तरी पुरते. फेल्टच्या टोकाची पेने आणि मार्कर १९६० च्या दशकात रूढ झाले. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी निवर्तले. म्हणून सैगल यांच्या फोटोवर मार्करची ऐटदार सही दिसली, तर ती विकणाऱ्याशी अधिक बोलत बसण्याची गरज उरत नाही. गुरुदत्त १९६४ मध्ये गेले, मधुबाला १९६९ मध्ये, मीनाकुमारी १९७२ मध्ये. त्यांच्या फोटोंवरील मार्करच्या सहीकडेही संशयानेच पाहावे. जुन्या काळी हाती असे ती शाईची टाक-लेखणी किंवा फाउंटन पेन.

दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी असलेले आणखी एक साधन येथे कामास येते. नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा अनेक दुकानांत असतो. १९५० च्या दशकापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्ये घालू लागले. असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा झळकतो. १९४० सालचा म्हणून सांगितलेला फोटो असा झळकला, तर कागद तरी त्या काळचा नाही. मात्र न झळकणारा प्रत्येक फोटो अस्सल, असा उलटा हिशेब करू नये. बोटांना प्लास्टिकसारखा लागणारा गुळगुळीत फोटोकागदही १९७० च्या आसपास रूढ झालेला. त्याआधीच्या चित्रपटाचे चित्र त्यावर असेल, तर ती मागाहून काढलेली प्रत समजावी.

एवढे सगळे बघूनही फसवणूक होतेच. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने खोट्या सह्यांच्या धंद्यावर मोठी मोहीम काढली. त्यात प्रामुख्याने खेळाडूंच्या सह्या होत्या, आणि खोट्या मालासोबत खरेपणाची खोटी प्रमाणपत्रेही सापडली. प्रमाणपत्र देणारा कोण, हे न पाहता प्रमाणपत्रावर विसंबणे म्हणजे अनोळखी माणसाच्या जामिनावर उधारी देणे होय.

मुंबईत चित्रपट-कलावंतांची छायाचित्रे काढणारे नामांकित स्टुडिओ होते. दादरला जेठालाल ठक्कर यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या इंडिया फोटो स्टुडिओत नर्गिस, राज कपूर, देव आनंद यांच्यासारख्यांची छायाचित्रे निघाली. एका बाजूने टाकलेला तीव्र प्रकाश, दुसऱ्या बाजूची गडद सावली, मान किंचित वळलेली: त्या काळच्या स्टार-चित्राची जी छबी आज डोळ्यांसमोर येते ती अशा स्टुडिओंनी घडवलेली आहे. म्हणून फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का कधीही पुसू नये, त्यावर कागद चिकटवू नये. पुढची सही नटाची, मागचा शिक्का छायाचित्रकाराचा. साक्षीदार दोघेही लागतात.

गावापर्यंत ही चित्रे पोहोचत ती बहुधा टपालाने. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी मुंबई म्हणजे एस.टी.चा रात्रभराचा प्रवास, त्याहीपूर्वी वेंगुर्ल्याहून बोट. पत्राबरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट घालून पाठवायचे आणि वाट पाहायची, हीच रीत. ते उत्तराचे पाकीट सापडले तर फोटोइतकेच जपावे. त्यावरचा टपालाचा शिक्का तारीख सांगतो, गाव सांगतो, आणि तो शिक्का कोणा चाहत्याने स्वतः मारलेला नसतो.

अशा कागदांची किंमत केवळ हौसेची नाही. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये झळकला. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्याच्याविषयी डोळ्यांना दिसेल असे जे काही उरले आहे ते छायाचित्रांत आणि जाहिरातींत. अनेक जुन्या फिल्म त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. चांदीचा भाव कळणाऱ्यांना या सौद्यातला तोटा समजावून सांगावा लागू नये. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि त्याने पुष्कळ वाचवले. तरी २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. फिल्म जळून जाते तेव्हा कोणाच्या तरी घरच्या पेटीतला फोटो हा अचानक एकमेव पुरावा ठरतो. हंसाबाईंच्या बाबतीत तर त्यांची हकीकतही थोडक्यात वाचली. अरुण साधू यांनी त्यांच्या तोंडून ऐकून ती शब्दांत उतरवली, 'माणूस'मधून ती वाचकांपुढे आली, १९७० मध्ये पुस्तक झाले. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) त्याच आत्मकथनावर उभा आहे, आणि त्यातील स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सांगणारी व्यक्ती आणि टिपून घेणारा माणूस वेळेवर भेटले नसते तर यांपैकी काहीच झाले नसते.

सावंतवाडीत मात्र सर्वांत मोठा शत्रू आग नव्हे, ओल. वरच्या आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, आणि खालच्या गावातही आषाढ-श्रावणात भिंतींना पाणी सुटते. जुन्या ब्रोमाइड छायाचित्रावर चांदीचे कण जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. जिलेटिन हा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेला पदार्थ. सिनेमाची प्रत्येक जुनी फिल्म त्याच्याच थरावर उभी होती, हे जैन घरांना ऐकून बरे वाटणार नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे. बुरशीला आणि कसरीला तो थर म्हणजे मेजवानी. शिवाय ओल लागली की थर मऊ पडतो. म्हणूनच फ्रेमच्या काचेला थेट टेकलेला फोटो काही पावसाळ्यांत काचेलाच चिकटून बसतो, आणि ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो, सही कागदावर.

यावर लोक डांबराच्या गोळ्या टाकतात, कीटकनाशक फवारतात. फोटोला ते चांगले नाही, आणि जीवरक्षेचे व्रत पाळणाऱ्या घरांत ते करवतही नाही. बुरशीलाही जैन आचारात अनंतकाय मानले आहे. तेव्हा उपाय एकच: ती होऊच द्यायची नाही. हवेतील आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी बहुधा धरत नाही. फोटो भिंतीला लागून न ठेवता घराच्या आतल्या, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या ओल्या झाल्या की तापवून पुन्हा वापराव्यात. चिकट पानांचे आणि प्लास्टिकच्या आवरणाचे अल्बम टाळावेत. त्यांचा गोंद काही वर्षांनी फोटो पिवळा करतो. त्यापेक्षा काळ्या कागदाची पाने आणि कागदी कोपरे हा आजोबांच्या वेळचा अल्बम कितीतरी बरा. लॅमिनेशन तर कधीच करू नये. सही उन्हात ठेवू नये, फाउंटन पेनची शाई उडून जाते; दिवाणखान्यात लावायची हौस असेल तर नक्कल लावावी आणि मूळ कपाटात ठेवावे. बुरशी धरलेलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा. आधी सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे, मग मऊ कुंचल्याने हलकेच झाडावे.

खरे पाहता हे शास्त्र जैन समाजाला नवे नाही. पाटण, जैसलमेर, आपल्याकडचे कारंजा येथील ज्ञानभांडारांनी शेकडो वर्षे ताडपत्रे आणि कागद राखले ते याच विचाराने. लाकडी पटल्यांमध्ये पोथी धरून कापडात घट्ट बांधायची, कारण सैल बांधणीतून हवा, ओल आणि कीड आत शिरते. पोथीच्या शेवटी लेखनिक स्वतःच तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून तिला जपण्याची विनवणी करून ठेवीत. पोथ्या काढून झाडण्या-तपासण्याला दिवसही नेमून दिलेले आहेत. दिगंबर परंपरेतली श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्वेतांबर परंपरेतली ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला. कोकणाच्या हवेचा विचार केला तर पहिली पावसाच्या तोंडावर येते आणि दुसरी पाऊस ओसरल्यावर. फोटोंच्या डब्यांची पाहणी याच दोन दिवसांच्या आसपास करावी. पुड्या बदलाव्यात, कोठे ठिपका दिसतो का पाहावे. कार्तिकातली ती पंचमी लाभपंचमीही असते. नव्या वहीचा मुहूर्त होतोच. तिच्यातले एक पान या नोंदींसाठी राखून ठेवायला कोणाची हरकत नसावी.

नोंद करायची ती रोजमेळाच्या शिस्तीने. कलावंताचे नाव, फोटो कोणत्या चित्रपटाचा, सही कोणी, कोठे आणि कोणत्या साली घेतली, त्या वेळी सोबत कोण होते, टपालाने आली असेल तर पाकीट कोठे आहे. आठवत नसेल तेथे जागा कोरी सोडावी. अंदाजाने साल भरणे हे खोट्या सहीइतकेच घातक, कारण पुढचा माणूस तेच खरे धरून चालतो. फोटोच्या मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कोणाच्या तरी गालावर उलटी अक्षरे उठलेले फोटो घरोघर आहेत.

दूरदर्शनच्या काळातल्या सह्यांकडे तर अजून कोणी गंभीरपणे पाहिलेलेच नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिमणराव म्हणून दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे घराघरांत पोहोचले. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले आणि त्यातील कलावंतांच्या लोक पाया पडू लागले. त्यांच्या फोटोंवर सही मागावी की फुले वाहावीत, असा प्रश्न अनेक घरांत पडला असेल. सिंधुदुर्गाचे स्वतःचे नट मच्छिंद्र कांबळी यांनी 'वस्त्रहरण'ने मालवणी बोली सातासमुद्रापार नेली. ते २००७ मध्ये गेले. त्यांच्या प्रयोगाच्या तिकिटामागे किंवा जाहिरातीच्या कागदावर घेतलेली सही या जिल्ह्यात कोणाकडे तरी असणारच. हे सगळे कागद चाळीस-पन्नास वर्षांच्या आतले आहेत. ते घेणारी माणसे अजून घरात आहेत, त्यांना विचारता येते.

परिग्रहाची मर्यादा पाळणाऱ्या कुटुंबाला संग्रह वाढवीत नेण्याची गरजही नाही. पुण्याच्या संग्रहालयात अशी छायाचित्रे, गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती राखल्या जातात. दुर्मीळ वस्तू तेथे देता येते, आणि घरात नक्कल ठेवता येते. देतानाही नोंदीचा कागद सोबत गेला पाहिजे. नाही तर कपाट बदलते, मुकेपण तेच राहते.

सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण सुरू झाले आणि तो वाडा पाहण्यासाठी लांबलांबून माणसे येऊ लागली. नटमंडळी दिसली की हात खिशाकडे जातात ते फोनसाठी. वही पुढे करणारा एखादाच. फोनमधल्या त्या चित्रात नट आणि चाहता शेजारी शेजारी उभे असतात, तारीख आपोआप नोंदली जाते, आणि जुन्या सहीला जो साक्षीदार शोधावा लागतो तो येथे फोटोतच हजर असतो. फोन बदलला की मात्र ते चित्र बहुधा जुन्या फोनबरोबरच राहते. एखादे छापून, मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल घालून त्याच काळ्या अल्बमात लावायला फारसा खर्च येत नाही.